जुन्या सेटची पाठ

मागच्या अंकात आम्ही मिक्सरच्या कार्बन ब्रशविषयी लिहिले, त्यावर एका वाचक भगिनींनी कळवले, "सर, स्वयंपाकघरातून जरा बाहेर पडा." तेव्हा या महिन्यात गाडीत बसू.

आमची गाडी २००४ सालची आहे. अब्बांनी आखातातून कायमचे परत आल्यावर एका ओळखीच्या डॉक्टरांकडून ती जुनीच घेतली. अब्बांना जाऊन तीन वर्षे झाली, गाडी अजून चालते. तिच्या डॅशबोर्डमध्ये कंपनीने बसवलेला रेडिओ-कॅसेट सेट आहे. मोबाइल जोडायला त्याला कुठेही भोक नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा फोनवर फारसे कोणी गाणी ऐकत नव्हते, मग भोक कशाला ठेवतील?

आम्हाला ते हवे होते अम्मीसाठी. धाकटा भाऊ कुवेतमध्ये असतो. दर जुम्याला सुटी असली की तो अम्मीला चार-पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतो. अम्मी फोन कानाला लावून "हाँ बेटा, हाँ" म्हणते आणि फोन परत देते. काय म्हणाला विचारले तर म्हणते, "खैरियत है." गेल्या वर्षभरात तिचे बोलणेच कमी झाले होते. वयाचा परिणाम, असे आम्ही धरून चाललो होतो. महिन्यातून एकदा तिला कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला तिच्या आजारी बहिणीकडे न्यावे लागते. त्या प्रवासात गाडीच्या चार स्पीकरांवर भावाचा आवाज लावला तर तिचा वेळ बरा जाईल, एवढाच आमचा हेतू होता.

गाड्या सजवणाऱ्या एका दुकानात गेलो. त्यांनी सेटकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. "काका, हे भंगार काढा. टचस्क्रीन बसवतो, पंधरा हजार." सेट डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला आहे, तो काढल्यावर खड्डा पडेल, त्याचे काय? तर म्हणे फ्रेम लावू. आणि मागच्या वायरी? "कापून जोडू, टेप मारू." आम्ही चहा न घेताच निघालो. गाडीच्या मूळ वायरी कापल्या आणि पिळून टेप मारला, की दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो आणि मग काय बिघडले ते शोधायला दिवस जातो. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची वायपरची मोटर अशाच एका जोडामुळे हॉर्न दाबला की फिरत असे.

मग आम्ही स्वतःच डोके चालवले आणि ते चुकीचे चालवले. आमचा बेत असा होता की स्पीकरच्या वायरींना हेडफोनची वायर जोडावी, फोनमधला आवाज स्पीकरला गेला की झाले. सुदैवाने बेगमने आधी कोणाला तरी विचारायला लावले. सेटमधला अॅम्प्लिफायर चालू असताना स्पीकरच्या वायरींवर साधारण सहा-सात व्होल्टचा दाब कायम उभा असतो. फोनच्या हेडफोनच्या भोकातून निघणारा संकेत एका व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. दोन्ही जोडले असते तर फोन गेला असता आणि कदाचित सेटही. फोनचा आवाज अॅम्प्लिफायरच्या मागे नव्हे, पुढे घालायचा असतो. रेडिओचा आणि कॅसेटचा संकेत आवाजाच्या बटणापर्यंत जिथून जातो, तिथे तो शिरला पाहिजे. अर्थात अशी जागा सेटमध्ये असायला हवी.

सेटला हात न लावता करण्याजोगे दोन उपाय बाजारात आहेत. आम्ही दोन्ही करून पाहिले.

पहिला उपाय कॅसेटचा. कॅसेटच्या आकाराचा डबा मिळतो, त्याला शेपटीसारखी वायर असते. त्यात फीत नसते. सेटमधले हेड जिथे फितीला टेकते, तिथे डब्यात एक बारीक कॉइल असते. फोनचा आवाज त्या कॉइलमध्ये चुंबकीय चढउतार तयार करतो आणि हेडला वाटते, फीतच फिरते आहे. युक्ती इतकी साधी आहे की आम्ही ती वर्गात चुंबकत्वाच्या धड्याला दाखवली (आम्ही भाषेचे शिक्षक, पण विज्ञानाचे सर रजेवर होते). आमच्या सेटचा रबरी पट्टा मात्र वयाने सैल झालेला. दर दोन मिनिटांनी त्याला वाटे की फीत संपली, मग खटकन बाजू बदले आणि आवाज गायब. ज्यांचा कॅसेट भाग धड आहे त्यांनी हाच उपाय करावा. दोन-तीनशे रुपयांत काम होते.

दुसरा उपाय लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर. तो फोनचा आवाज एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि सेट तो रेडिओ समजून पकडतो. घाटात हे उत्तम चालले, कारण तिथे दुसरे स्टेशनच लागत नाही. महामार्गाला लागून पुण्याच्या बाजूला निघालो की मात्र भावाच्या खैरियतीच्या मध्येच सोन्याच्या दुकानाची जाहिरात सुरू. आपली लहर दुबळी, स्टेशनची दांडगी. दर अर्ध्या तासाला नवी रिकामी जागा शोधायची आणि तेही गाडी चालवत असताना. हा खेळ धोक्याचा आहे, म्हणून सोडला.

शेवटी बसस्थानकाजवळ रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो. हा मुलगा वर्गात मराठीच्या तासाला बाकाखाली ट्रान्झिस्टर उघडून बसायचा. तेव्हा आम्ही तो जप्त केला होता, हे त्याला आठवत नसावे अशी आशा होती. त्याने पहिला प्रश्न केला, "सर, सेटची पाठ वाचली का?"

वाचली नव्हती. असे सेट बाहेर काढायला चाव्या लागतात. दोन्ही बाजूंच्या बारीक फटींत त्या घातल्या की खिट्ट्या सुटतात आणि सेट खणासारखा पुढे सरकतो. त्याने आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली, मग सेट ओढला. वरच्या पत्र्यावर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर मागच्या सगळ्या खाचांचा नकाशा छापलेला होता. मागे दोन मोठी खोबणी होती, एक विजेचे आणि एक स्पीकरचे. त्यांच्यावर लहान तीन, पिवळे, हिरवे, निळे. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांच्या सेटना त्या काळात हीच पद्धत होती. निळे खोबण रिकामे होते. तो म्हणाला, "हे सीडी चेंजरचं."

सीडी चेंजर म्हणजे डिकीत ठेवायचा सहा तबकड्यांचा डबा. त्या काळी ऐपतदार लोक तो वेगळा विकत घेत. डॉक्टरांनी घेतला नव्हता, पण सेटमध्ये त्याच्यासाठी वाट तयार होती. निळ्या खोबणीतल्या अठराव्या पिनेवर आवाजाची सामाईक वायर, एकोणिसाव्यावर डावा, विसाव्यावर उजवा. फोनच्या साडेतीन मिलिमीटर पिनेलाही हेच तीन पदर असतात. म्हणजे काही कापायला नको. आवाज आत घेणारा दरवाजा वीस वर्षे होता आणि कोणी मागे जाऊन पाहिले नव्हते.

एक अडचण राहिली. सेट हुशार. चेंजर खरोखर जोडलेला आहे का, हे तो आधी त्या वायरींवरून विचारतो आणि उत्तर आले नाही तर सीडीचे बटण दाबूनही आवाज घेत नाही. यावर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. ती निळ्या खोबणीत बसते, तिथूनच वीज घेते आणि सेटला सतत सांगत राहते की मी चेंजर आहे, गाणे चालू आहे. गैरहजर मुलाच्या नावाला मागच्या बाकावरून कोणी "हजर सर" म्हणावे, तसला प्रकार. शाळेत आम्ही याला शिक्षा करतो, इथे बाराशे रुपये मोजले. डबी घेताना सेटचा मॉडेल नंबर जुळतो का ते पाहावे, एकाची डबी दुसऱ्याला चालत नाही. डबीच्या वायरीचे टोक हँडब्रेकजवळच्या एका कोऱ्या बटणाच्या झाकणात भोक पाडून बसवले. वायर गियरच्या किंवा पायांच्या आसपास लोंबू देऊ नये, हे सांगायला नकोच.

ज्यांच्या सेटला चेंजरची वाट नाही, त्यांच्यासाठी सेट उघडून आतल्या आवाजाच्या चिपपाशी वायरी सोल्डर करण्याचा मार्ग आहे. तिथे मध्ये लहान कपॅसिटर घालावे लागतात, म्हणजे आतला दाब फोनकडे येत नाही. हे काम घरी करू नये. सर्किट वाचता येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

बॅटरी परत जोडली आणि सेटवर चार आडव्या रेघा उभ्या राहिल्या. चोरांपासून रक्षण म्हणून असा सेट वीज गेली की कुलूपबंद होतो आणि चार आकडी कोड मागतो. आमच्या सेटला दोनदा चुकीचा कोड दिला की तासभर काही ऐकत नाही. म्हणून बॅटरी सोडवण्याआधी कोड हाताशी आहे ना, ते पाहावे. आम्ही पाहिले नव्हते.

घरी फोन केला. लेकीने गाडीच्या पुस्तिकेत शोधून अब्बांच्या अक्षरातली एक चिठ्ठी काढली आणि अम्मीला रिक्षात घालून दुकानावर आली. अम्मीला एकटे ठेवायचे नव्हते, म्हणून. चिठ्ठीवर उर्दू आकडे. दुरुस्तीवाल्याने ती आमच्या हातात दिली, "सर, हा तुमचा विषय." आम्ही रुबाबात वाचले, आठ, शून्य, आठ, एक. सेटने नाकारले. बोट घसरले असेल म्हणून पुन्हा तेच घालणार, इतक्यात मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "उलटा पकड्या है तू."

उर्दूत सात म्हणजे दोन रेघा खाली मिळालेल्या आणि आठ म्हणजे त्याच दोन रेघा वर मिळालेल्या. शून्य नुसता ठिपका, एक म्हणजे उभी रेघ. आम्ही मुलांना सात काढताना डोक्याशी आकडी द्यायला लावतो, पण वीस वर्षे आखातात काढलेल्या अब्बांचा सात अरबी वळणाचा, सरळ दोन रेघांचा. चिठ्ठी फिरवली तर एक, सात, शून्य, सात. सेट लागला. (आकडा बदललेला नाही. हा कॅसेट सेट चोरायला कोणी आलेच तर त्याला चहा देऊ.) बावीस वर्षे उर्दू शिकवणाऱ्या माणसाची विद्यार्थ्यासमोर जी अवस्था झाली, ती सोडून देऊ. अम्मीने चिठ्ठी मागून घेतली आणि घरी येईपर्यंत हातात धरली.

पुढच्या रविवारी चिपळूणला निघालो. फोन जोडताच सेटमधून बारीक शिटी सुरू झाली, गाडीचा वेग वाढला की शिटीही चढे. हा दोष डबीचा नाही. फोन एकीकडे लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होत असेल आणि दुसरीकडे आवाजाच्या वायरीने सेटला जोडलेला असेल, तर जमिनीची वायर दोन वाटांनी मिळते आणि गाडीच्या अल्टरनेटरची कुरकुर त्या फेऱ्यातून आवाजात शिरते. चार्जर काढला, शिटी बंद. दोन्ही एकदम हवे असतील तर मध्ये दोन चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरांची डबी घालतात, ती स्वस्त असते. फोनचा आवाज पाऊणाच्या वर आणि सेटचा गरजेपुरता ठेवला तर खरखर कमी येते. नव्या फोनना गोल भोक नसते, त्यांना टाइप-सीचा तुकडा लागतो. तो साधा न घेता आत आवाजाची चिप असलेला घ्यावा, नाहीतर काही फोन त्यातून मुकेच राहतात.

पाटण मागे टाकल्यावर लेकीने चाचाचा त्या जुम्याचा निरोप लावला. मुलांच्या सवयीने तिने सेटची बटणे पिरगाळून पाहिली. आधी बेस पूर्ण वर, तेव्हा चाचा हौदात उभा राहून बोलतोय असे वाटले. मग बेस पूर्ण खाली आणि ट्रेबल पूर्ण वर. आम्हाला तो आवाज टोचू लागला. कमी कर म्हणणार, तोच अम्मी म्हणाली, "इसकू खाँसी हुई है क्या?"

भाऊ खरोखर मधूनमधून खोकत होता. आमच्या लक्षातही आले नव्हते. अम्मी पुढे झुकली. निरोपात त्याने सांगितले होते की कंपनी करार वाढवणार नाही, दोन महिन्यांत हिशेब होईल. दुसरीकडे पाहावे की कायमचे परत यावे, हे अम्मीने सांगावे. हे तो काही पहिल्यांदा सांगत नव्हता. गेले सहा आठवडे प्रत्येक निरोपात हाच विषय होता. आम्हाला वाटले होते अम्मीला सगळे माहीत आहे आणि तिने ते मुलावर सोडले आहे. त्याला वाटले होते अम्मी नाराज आहे, म्हणून "हाँ बेटा" पलीकडे बोलत नाही. एवढ्या महिन्यांत अम्मीला फोनमधून नुसती भुणभुण ऐकू येत होती. सारखे "काय? काय?" करणे तिला लाजिरवाणे वाटे. म्हणून ती हो म्हणत होती.

"फिरसे लगा," ती म्हणाली. तीनदा ऐकले. मग म्हणाली, "गाडी बाजूकू ले जरा."

कोयनानगरच्या अलीकडे एका टपरीशी गाडी थांबवली. तिने फोन हातात घेतला, लेकीने बटण दाबून धरले. ती काय बोलली ते आम्ही इथे लिहिणार नाही. चार मिनिटे बोलली. वर्षभरात तिला सलग चार मिनिटे बोलताना आम्ही ऐकले नव्हते. आम्ही तोवर गाडीभोवती फिरून टायर पाहत राहिलो.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासणीचा आलेख दाखवला. जाड आवाजांकडे रेघ जवळजवळ सपाट, बारीक आवाजांकडे उतरत गेलेली, वयाबरोबर बहुतेकांचे असेच होते. बोलण्यातले स्वर जाड आणि दांडगे असतात, ते कानात शिरतात. स, श, फ, त, क यांचा आवाज मुख्यतः वरच्या पट्टीत आणि दुबळा. ते निसटले की माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते हे कळत नाही. म्हणून अशा माणसाशी मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही, ओरडण्याने स्वरच वाढतात. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. लेकीने बेस उतरवून ट्रेबल चढवला तेव्हा तिने नकळत दुबळी अक्षरे वर काढली होती. आम्ही अम्मीशी वर्षभर ओरडत होतो. दिवसाला सहा तास मुलांना उच्चार शिकवून घरी यायचो आणि ओरडायचो.

कानाच्या यंत्रासाठी मापे घेतली आहेत. भाऊ पुढच्या महिन्यात येतो आहे. चिपळूणच्या वाटेवर अम्मी आता पुढच्या सीटवर बसते आणि ट्रेबलचे बटण तिच्या ताब्यात असते. आमचे कान दुखतात, पण काही बोलायची सोय नाही.

चिठ्ठी परत पुस्तिकेत ठेवली आहे. शेजारी मराठी आकड्यांत कोड लिहू, असे आम्ही म्हणालो होतो, अम्मीने लिहू दिला नाही. लेकीने फक्त वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक बाण काढला आहे, सरळ बाजू कळावी म्हणून.